लाल पिशवीची परीक्षा: ॲड्रेनलीनचं पेन, ॲम्प्युल आणि फ्रिजवरचा कागद

शेंगदाण्याचं कूट नाही असं मराठी स्वयंपाकघर शोधून सापडायचं नाही. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, अळूचं फदफदं, उपासाची आमटी. कूट कुठे नसतं ते सांगणं जास्त सोपं. अशा घरात पोराला दाण्याची तीव्र ॲलर्जी निघाली की डॉक्टर दोन गोष्टी सांगतात: दाणा टाळा आणि ॲड्रेनलीन, म्हणजे ॲलर्जीच्या जीवघेण्या झटक्यात तातडीने द्यायचं औषध, जवळ ठेवा. पहिली गोष्ट घरचे जिवाच्या आकांताने करतात. दुसऱ्या गोष्टीपाशी गाडी अडते, कारण ॲड्रेनलीन ‘जवळ ठेवायचं’ म्हणजे दुकानात जाऊन नेमकं काय मागायचं, हे कुणी धड सांगत नाही.

हे परीक्षण त्या खरेदीचं. तयार पेन, ॲम्प्युल (औषधाची काचेची छोटी बंद कुपी) आणि सिरिंज, नव्याने आलेला नाकातला स्प्रे, आणि हे सगळं ज्या लाल पिशवीत मुलासोबत फिरतं तिच्यातल्या बाकीच्या चिल्लर वस्तू. औषध सगळीकडे एकच. फरक आहे तो आईबापांच्या डोक्यावर उरणाऱ्या ओझ्यात. म्हणून कसोटीही एकच ठेवली आहे: ही वस्तू घरात असताना आई पोराला आजीकडे सोडून दोन तास निवांत बाहेर जाऊ शकते का?

कसोटी भावुक वाटेल, पण ती वैद्यकातही मोजतात. अन्नाच्या ॲलर्जीचा पालकांवर किती भार पडतो हे मोजणारी १७ प्रश्नांची एक प्रश्नावली २००४ पासून वापरात आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते सहा गुण. प्रश्न रक्तातल्या कुठल्या आकड्याबद्दल नसतात. सुट्टीला कुठे जायचं हे ठरवताना किती अडतं, हॉटेलात जेवायला जाणं किती जमतं, मूल दुसऱ्याच्या ताब्यात देताना किती धास्ती वाटते, असे असतात. या आजारात मूल वर्षाचे बहुतेक दिवस ठणठणीत असतं आणि आई रोज आजारी असल्यासारखी दमलेली असते. पिशवीत काय घालायचं ते ठरवताना हे विसरून चालत नाही.

तयार पेन

जगभर ज्याला सरसकट ‘एपिपेन’ म्हणतात ते हे. अमेरिकेत त्याला १९८७ साली मान्यता मिळाली. मूळ रचना सैनिकांसाठीची, विषारी वायूचा हल्ला झाला तर स्वतःच्या हाताने उतारा टोचून घेता यावा म्हणून केलेली. घाबरलेला, थरथरता हात आणि अंगावर जाड कपडे गृहीत धरूनच ती बनवली आहे. पँट उतरवायची गरज नाही, जीन्सवरूनही सुई आत जाते. खिशात काही नाही ना आणि जाड शिवण मध्ये येत नाही ना, एवढं बघायचं.

कृती अशी. पेन मुठीत धरायचं, अंगठा कुठल्याही टोकावर ठेवायचा नाही. निळं झाकण दुसऱ्या हाताने सरळ वर ओढायचं. केशरी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कंबर आणि गुडघा यांच्या मधोमध, काटकोनात टेकवून जोरात दाबायचं. खट् असा आवाज येतो. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत तसंच दाबून ठेवायचं आणि सरळ बाहेर काढायचं. केशरी टोक पुढे सरकून सुई झाकतं. आजी-आजोबांना शिकवायला चार शब्द पुरतात: ‘निळं वर, केशरी मांडीवर.’

चुका कुठे होतात तेही ठरलेलं आहे. केशरी टोक हे बटण आहे असं समजून त्यावर अंगठा दाबला की सुई अंगठ्यात जाते. औषध वाया जातं, आणि बोट पांढरं पडून दवाखान्यात दुसरा पेशंट तयार होतो. दुसरी चूक पाय न धरण्याची. चार वर्षांचं पोर सुई लागताच लाथ मारतं आणि मांडीवर लांबलचक ओरखडा उमटतो. म्हणून एकाने गुडघ्याच्या वर आणि खाली पाय पक्का दाबून धरायचा. घरात एकटीच असाल तर पोराला मांडीवर आडवं घेऊन त्याचा पाय आपल्या दोन पायांत अडकवायचा. तिसरी गोष्ट ही चूक नव्हे, पण दरवेळी घाबरवते: टोचून झाल्यावर पेनात औषध दिसतं. आत साधारण दोन मिलिलिटर असतं आणि जातं फक्त ०.३. उरलेलं वापरता येत नाही, ते तसंच राहायचं असतं. डोस गेला नाही असं समजू नये.

मापं मुख्यतः दोन. ०.१५ मिलिग्रॅमचं लहान मुलांसाठी, ०.३ मिलिग्रॅमचं मोठ्यांसाठी. कंपनीचं पत्रक १५ ते ३० किलोंना लहान आणि ३० किलोंपासून पुढे मोठं असं सांगतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र २०१७ मध्ये २५ किलोंपासूनच मोठं पेन द्यावं, असं म्हटलं आहे. आपल्याकडे तिसरी-चौथीतली बरीच मुलं याच पट्ट्यात येतात, त्यामुळे वजन बदललं की डॉक्टरांना मुद्दाम विचारायला हवं. ब्रिटनहून आलेल्या खोक्यावर ‘१५० मायक्रोग्रॅम’ लिहिलेलं असतं. ते आणि ०.१५ मिलिग्रॅम एकच.

आता अडचणी. पहिली म्हणजे आपल्याकडच्या केमिस्टच्या फळीवर हे पेन सहसा नसतं. मागवायचं तर औषध नियम, १९४५ मधला फॉर्म १२-ए भरायचा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी लावायची आणि १२-बी हा परवाना मिळवायचा. परवान्याशिवाय सामानातून औषध आणायची मुभा नियमात फक्त प्रवाशाच्या स्वतःच्या वापरापुरती आहे, त्यामुळे नातेवाइकाकडून मागवतानाही हा परवाना काढून ठेवा. बहुतेक घरांत ते नातेवाइकांकडूनच येतं, दुबईच्या मावशीच्या किंवा न्यू जर्सीच्या काकांच्या बॅगेतून. त्यांना दोन गोष्टी बजावून सांगा. पेन केबिनमधल्या बॅगेत ठेवा, सोबत चिठ्ठी असू द्या. आणि विकत घेताना तारीख बघून घ्या. नवं पेनही हातात येतं तेव्हा बहुधा वर्ष-दीड वर्षाचंच आयुष्य उरलेलं असतं, त्यात काकांचं येणं सहा महिने लांबलं की अर्धं संपलं.

दुसरी अडचण पैशांची. अमेरिकेत दोन पेनांच्या जोडीची छापील किंमत २००७ मध्ये शंभर डॉलरच्या आसपास होती, २०१६ मध्ये ती सहाशेच्या वर गेली. पुढे स्वस्त पर्याय आले तरी दर वर्ष-दीड वर्षाने जोडी बदलणं हा मध्यमवर्गीय घराला जाणवणारा खर्च आहे. आणि जोडीच लागते. एका डोसने भागलं नाही तर पाच मिनिटांनी दुसरा द्यावा लागतो, एखादं पेन नासतंही. एक घरी आणि एक शाळेत अशी जोडी फोडणं म्हणजे दोन्हीकडे अर्धी सोय.

तिसरी अडचण उन्हाची. पेन २० ते २५ अंशांत ठेवायचं असतं, तात्पुरतं १५ ते ३० चालतं. अकोल्या-नागपुरात मे महिन्यात पंख्याखालची खोलीसुद्धा हे पाळत नाही. फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नाही. इन्सुलिनसाठी मिळणाऱ्या, पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या विदर्भात छान काम देतात, कारण त्यांचं सगळं गणित बाष्पीभवनाचं, मातीच्या माठासारखं. कोकणात आणि मुंबईत हवाच ओली, तिथे त्या नुसत्याच ओल्या राहतात. तिथे घरातल्या सगळ्यात थंड खोलीतला कपाटाचा खालचा कप्पा बरा. पेनाला पारदर्शक खिडकी असते, महिन्यातून एकदा त्यातून बघा. द्रव स्वच्छ पाण्यासारखा हवा. गुलाबी, तपकिरी किंवा गढूळ दिसला तर पेन बदला.

एक इशारा. एका नातेवाइकाने एका कंपनीचं आणि दुसऱ्याने दुसऱ्या कंपनीचं आणलं की घोटाळा होतो. ‘जेक्स्ट’ या पेनाचं झाकण पिवळं आणि सुईचं टोक काळं असतं, आणि ते दहा सेकंद दाबून धरायचं असतं. ‘निळं वर, केशरी मांडीवर’ पाठ केलेली आजी तिथे गोंधळणार. एका घरात एकच जात ठेवा.

कसोटीवर हे पेन उतरतं. आजी ते चालवू शकते. तिला हिशेब करावा लागत नाही, काच फोडावी लागत नाही, चष्माही शोधावा लागत नाही.

ॲम्प्युल आणि सिरिंज

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत प्रत्यक्षात हाच पर्याय असतो. एक मिलिलिटरची काचेची ॲम्प्युल, तीत एक मिलिग्रॅम ॲड्रेनलीन. किंमत चहा-बिस्किटाइतकी. औषध म्हणून कणभरही कमी नाही. दवाखान्यात नेल्यावर तिथले डॉक्टरही हेच टोचणार.

पण वस्तू म्हणून ती घरासाठी बनवलेलीच नाही. डोस वजनावर असतो: किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे या ताकदीच्या ॲम्प्युलमधून दहा किलोंच्या बाळाला ०.१ मिलिलिटर, वीस किलोंच्या मुलाला ०.२, आणि मुलांमध्ये जास्तीत जास्त ०.३. म्हणजे आख्खी ॲम्प्युल कधीच द्यायची नसते. घाबरलेल्या माणसाला हे आठवत नाही, फोडली की सगळी भरायची असं हात आपोआप ठरवतो.

कॅनडात विनिपेगला झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालकांच्या हातात लेखी सूचना देऊन बाळाचा डोस भरायला सांगितला होता. पालकांना सरासरी १४२ सेकंद लागले. तेच काम तातडीच्या विभागातल्या नर्सनी २९ सेकंदांत केलं. वेळेपेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे: पालकांनी भरलेल्या डोसांत सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत चाळीस पटींचा फरक होता. आणि तिथे समोर घरघरणारं मूल नव्हतं.

चूक बहुतेक वेळा सिरिंजपाशी होते. हवी ती एक मिलिलिटरची, शंभर भागांची, ट्युबरक्युलिन नावाची सिरिंज, आणि तिला २३ ते २५ गेजची (गेज म्हणजे सुईच्या जाडीचं माप) एक इंच सुई. केमिस्टकडे ती नसली की ‘हीच घ्या, एकच आहे’ म्हणून इन्सुलिनची सिरिंज हातात पडते. एक नाही. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या इन्सुलिनच्या सिरिंजवर एक मिलिलिटरचे ४० भाग असतात. ०.१५ मिलिलिटर हवं असताना कुणी ‘पंधरा’च्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात ०.३७५ जातं, म्हणजे अडीचपट. शिवाय तिची सुई आखूड, ती कातडीखालच्या चरबीतच थांबते. औषध जायला हवं स्नायूत, कारण तिथूनच ते झपाट्याने रक्तात पोचतं.

ॲम्प्युल फोडणं हेही शिकण्याचं काम आहे. वरच्या टोकात अडकलेला द्रव टिचकी मारून खाली आणायचा, मानेभोवती गॉजचा तुकडा किंवा स्वच्छ रुमाल गुंडाळायचा, आणि ठिपका असेल तर तो आपल्याकडे करून टोक मागच्या दिशेला, ठिपक्यापासून लांब मोडायचं. उघड्या बोटांनी मोडली की बोट कापतं, आणि रक्ताळलेल्या बोटाने ०.१५ची रेघ दिसत नाही. विकत घेताना नाव मोठ्याने वाचून घ्या. नॉरॲड्रेनलीन हे वेगळं औषध, ॲम्प्युल मात्र दिसायला भावंडासारखी.

मधला मार्ग बरेच ॲलर्जीतज्ज्ञ सुचवतात: डॉक्टरांनी किंवा नर्सने मुलाच्या वजनाचा नेमका डोस आधीच भरून, सुईवर टोपण घालून दिलेली सिरिंज. फोडाफोड आणि हिशेब दोन्ही वाचतं. ती दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागते, उजेडापासून लांब ठेवावी लागते, आणि दट्ट्या चुकून दाबला जाऊ नये म्हणून कडक डबीत ठेवावी लागते. टूथब्रशची प्लॅस्टिकची प्रवासी डबी मापात अगदी बसते, तिला बाहेरून काळी चिकटपट्टी गुंडाळली की झालं. डबीवर तारीख, वजन आणि डोस लिहा. दोन भरून घ्या. घरात ठेवायचीच असेल तर मोकळी ॲम्प्युल ठेवू नका, ही भरलेली सिरिंज ठेवा.

कसोटीवर मोकळी ॲम्प्युल नापास. ती कपाटात असली की आई सुरक्षित होत नाही, फक्त आणखी एका परीक्षेची विद्यार्थिनी होते. भरलेली सिरिंज काठावर पास: आजीने सुई मांडीत खुपसायचं धाडस केलं तर. पेनात ते धाडस स्प्रिंग करते.

नाकातला स्प्रे

‘नेफी’ नावाचा ॲड्रेनलीनचा स्प्रे अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये ३० किलोंपासून पुढच्यांसाठी मंजूर झाला, आणि मार्च २०२५ मध्ये १ मिलिग्रॅमचा छोटा डोस १५ ते ३० किलोंच्या, चार वर्षांवरच्या मुलांसाठी. सुईच नाही, त्यामुळे ‘टोचू का नको’ या घालमेलीतली अर्धी हवा निघून जाते. ऊनही तो पेनापेक्षा बरंच जास्त सोसतो. एक खबरदारी: आधी हवेत फवारून बघायचा नाही. त्यात एकच डोस असतो आणि तो चाचणीतच उडून जातो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांनी डॉक्टरांना जरूर विचारावं.

कागद

पिशवीतली सगळ्यात मोलाची वस्तू फुकट मिळते आणि बहुतेक पिशव्यांत नसते. ती म्हणजे डॉक्टरांच्या सहीची एका पानाची कृती-योजना.

त्याचं कारण असं. पेन हिशेब वाचवतं, निर्णय वाचवत नाही. ॲलर्जीच्या घरांत ॲड्रेनलीन उशिरा दिलं जातं ते बहुतेकदा हाताशी नव्हतं म्हणून नव्हे. ‘थांबू जरा, उतरेल’ असं वाटलं म्हणून. आईला भीती दोन्हीकडून असते. दिलं नाही आणि वाढलं तर? दिलं आणि गरजच नव्हती असं निघालं तर? त्यातून सासूबाई शेजारी उभ्या असतील तर तिसरी भीती, आपण कांगावा करतोय असं वाटण्याची. या तिन्ही भीती त्या पाच मिनिटांत एकट्या बाईने पेलायच्या, ही अपेक्षाच चूक आहे. निर्णय आधीच, शांत डोक्याने, डॉक्टरांनी लिहून ठेवलेला असला की त्या वेळी उरतं फक्त वाचणं.

मजकूर मोठ्या मराठी अक्षरांत, असा: दाणा पोटात गेल्यावर श्वासाला घरघर, सतत ढास, आवाज बसणं, घसा आवळल्यासारखं वाटणं, जीभ सुजणं, मूल पांढरंफटक किंवा मलूल पडणं, यांतलं एक जरी दिसलं तरी ॲड्रेनलीन लगेच. अंगावर गांधी आणि त्यासोबत उलट्या किंवा पोटात जोराची कळ, तरीही ॲड्रेनलीन लगेच. नुसत्या गांधी किंवा ओठाला खाज असेल तर ॲलर्जीचं पातळ औषध द्या आणि मुलाजवळून हलू नका. शंका असेल तर द्या.

त्याखाली एक ओळ मुद्दाम लिहून घ्या, कारण तिच्यावर आईची झोप अवलंबून असते: एरवी निरोगी असलेल्या मुलाला योग्य डोस गरज नसताना दिला गेला तर थोडा वेळ छाती धडधडते, हात थरथरतात, चेहरा पांढरा पडतो, डोकं दुखतं, आणि ते ओसरतं. उशीर केल्याचं नुकसान असं ओसरत नाही.

आणि त्याखाली काय करायचं नाही ते. गांधी उठल्या की आपल्याकडे आमसुलाचं पाणी अंगाला लावायची पद्धत आहे. साध्या पित्ताला लावा, कुणाचं काही जात नाही. दाणा पोटात गेलेला असताना मात्र आमसूल भिजेपर्यंतची दहा मिनिटं महाग पडतात. ॲलर्जीचं पातळ औषधही खाज कमी करतं, घसा उघडत नाही. आणि सगळ्यात मोठी चूक प्रेमातून होते: पोराला खांद्यावर उभं धरून जिन्यावरून रिक्षाकडे धावणं. या झटक्यात रक्तदाब घसरलेला असतो, एकदम उभं केलं की हृदयाकडे येणारं रक्त आणखी घटतं आणि मूल कोसळू शकतं. आडवं झोपवा, पाय उशीवर उंच करा. धाप जास्त असेल तर पाय लांब करून बसवा, उलटी होत असेल तर कुशीवर. १०८ला फोन लावून ‘ॲनाफिलॅक्सिस’ हा शब्द सांगा, ॲलर्जीच्या या जीवघेण्या झटक्याचं ते वैद्यकीय नाव. न्यायचंच असेल तर दोघांनी मिळून आडवं उचलून न्या. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते.

हा कागद फ्रिजवर, पिशवीत, शाळेत आणि आजीच्या घरी, चारही ठिकाणी. कसोटीवर त्याला पैकीच्या पैकी.

ट्रेनर आणि पिशवी

सरावाचं खोटं पेन, ज्यात सुई नसते आणि औषध नसतं, ते जोडीसोबत आलं तर फेकू नका. कुठल्याही महागड्या गोष्टीपेक्षा ते घरातलं वातावरण जास्त बदलतं. नेहमीचं चित्र असं असतं की आईने सगळं वाचलेलं असतं, तिलाच सगळं येतं, आणि म्हणून तिला कुठेही जाता येत नाही. बाबांना ‘साधारण माहीत आहे’. या साधारणला ट्रेनर चांगला उतारा आहे. महिन्यातून एकदा, रविवारी, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने झाकण काढण्यापासून तीन मोजण्यापर्यंत करून दाखवायचं आणि तोंडाने बोलत करायचं. मूल मोठं असेल तर त्यालाही हातात द्या. शाळेत वर्गशिक्षिका, खेळाचे सर आणि मावशी या तिघांनाही. संकट कुणाच्या तासाला येईल ते ठरलेलं नसतं. खरं पेन आणि ट्रेनर मात्र एका कप्प्यात कधीच ठेवू नका.

पिशवी लाल किंवा केशरी, चेन मोठ्या दातांची, आत दोन पारदर्शक कप्पे. कुलूप नको. शाळेत ‘सुरक्षित राहावं’ म्हणून मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवतात आणि किल्ली शिपायाकडे असते. असली सुरक्षितता कामाची नाही. पिशवी मुलासोबत फिरते, मैदानावर आणि सहलीलाही. दप्तराच्या तळाशी डब्याखाली गेली की ती नसल्यातच जमा. आत दोन पेनं किंवा दोन भरलेल्या सिरिंजा, पातळ औषध आणि त्याचा मापाचा चमचा, दम्याचा पंप असेल तर तो, कागद, मुलाचा फोटो. एवढंच. थर्मामीटर, बँडेज, ओआरएस भरून तिची प्रथमोपचार पेटी करू नका, पेन शोधावं लागतं.

पिशवी काय करत नाही

ती स्वयंपाकघर सुधारत नाही. आजीकडे सोडताना पिशवीसोबत दोन गोष्टी बघाव्याच लागतात. एक मिक्सरचं चटणीचं भांडं: कूट त्यात होतं आणि झाकणाच्या रबरी कड्याखाली राहतं, कडं काढून नखाने खरवडलं की दिसतं. मुलासाठी वेगळं भांडंच ठेवा, धुण्यावर भरवसा नको. दुसरं तेल. पूर्ण रिफाइंड केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. सध्या शुद्ध म्हणून कौतुकाने आणलं जाणारं लाकडी घाण्याचं तेल मात्र नुसतं गाळलेलं असतं, त्यात ते राहतं.

पाकिटांवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबल नियमांनुसार शेंगदाणा, झाडावरचे सुके मेवे, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी प्राणी, सोयाबीन, ग्लूटेनची धान्यं आणि ठरावीक प्रमाणावरचं सल्फाइट जाहीर करावं लागतं. तीळ त्या यादीत नाही, तिळाची ॲलर्जी असलेल्यांनी घटकपदार्थांची यादी अक्षर न् अक्षर वाचावी. ‘अंश असू शकतो’ ही ओळ तर निर्णय पुन्हा आईच्याच गळ्यात घालते. दाण्याच्या तीव्र ॲलर्जीत ती ओळ म्हणजे ‘नाही’ असं एकदा ठरवून टाकावं आणि दुकानात रोज नव्याने झुरू नये. सुट्या मिठाईवर आणि संक्रांतीच्या तिळगुळावर कुठलीच ओळ नसते. तिळगुळात दाण्याचं कूट असतंच असं धरा.

मुदत संपलेली पेनं

तारीख उलटली म्हणून पेन त्याच दिवशी कचऱ्यात जात नाही. नवं हातात येईपर्यंत जुनं पिशवीत राहू द्या. वेळ आली आणि दुसरं काहीच नसलं तर द्रव स्वच्छ असलेलं जुनं पेन वापरा, न देण्यापेक्षा ते बरं. मुदतीच्या दोन महिने आधीची आठवण आई आणि बाबा दोघांच्याही फोनमध्ये लावा, एकट्या आईच्या नको.

नवं आलं की जुनं वाया घालवू नका. एक जाड सालीचं मोसंबं घ्या, टेबलावर ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे घरंगळणार नाही, आणि ज्याला अजून भीती वाटते त्याच्या हातात खरं पेन द्या. ट्रेनरमध्ये न मिळणारा स्प्रिंगचा धक्का आणि तो खट् आवाज एकदा अनुभवला की पुढच्या वेळी हात मागे येत नाही. पहिली पाळी आजीची. वापरलेलं पेन जाड प्लॅस्टिकच्या डब्यात घालून दवाखान्यात सुयांच्या कचऱ्यात द्यावं. मोसंबं मात्र लगेच फेकून द्या, रस काढायला कुणी उचलायच्या आत.